हंड्याच्या आतला थर

रंगूबाई पहिल्या दिवशी कामाला आल्या तेव्हा त्यांनी केर काढला नाही की भांड्यांना हात लावला नाही. स्वयंपाकघरात तिवईवर माझ्या आईचा तांब्याचा हंडा असतो. त्याचं झाकण काढून त्यांनी आत नाक घातलं आणि मला म्हणाल्या, "ताई, हे पानी परवाचं हाय." पाणी परवाचंच होतं. मला राग आला. दहा मिनिटांपूर्वी घरात आलेली बाई आपल्या आईच्या हंड्यात नाक घालते, तर राग यायलाच हवा. पण बाबा खुर्चीतून म्हणाले, "बरोबर ओळखलं हिने," आणि ते ज्या सुरात म्हणाले तो सूर ऐकून मी हातातली पिशवी खाली ठेवली. पस्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, दोनदा आदर्श शिक्षिकेचा सत्कार झाला, पण त्या सुरात बाबांनी मला कधी काही म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून मी रंगूबाईंवर जळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल काही वाकडं लिहिलं गेलं तर त्यातलं किती खरं धरायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

बाबा कोपरीत राहतात, जुन्या तीन मजली इमारतीत, तळमजल्यावर. वय चौऱ्याऐंशी. अख्खी गल्ली त्यांना बाळकाका म्हणते. त्यांची सगळी नोकरी पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत गेली. गावोगावचं पाणी बाटल्यांत भरून यायचं आणि त्यात काय काय विरघळलंय ते बाबा शोधायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली. मी डोंबिवलीला, धाकटा भाऊ सलिल घोडबंदरला. आम्ही दोघांनी त्यांना आपापल्या घरी न्यायचा आटापिटा केला, पण बाबा जागचे हलले नाहीत. म्हणून मग दिवसभरासाठी बाई शोधायची ठरली, आणि कुणाच्या तरी ओळखीतून दिव्याच्या रंगूबाई आल्या.

त्या साठीच्या आहेत. उंच, काटकुळ्या, चालताना जरा पुढे वाकलेल्या. माहेर खडवलीच्या पलीकडचं, नदीकाठचं. लग्न होऊन दिव्याला आल्या. नवरा सहदेव नळजोडणीची कामं करायचा, तो गेला. आता मुलगा विनीत, सून समीक्षा आणि रंगूबाई असे तिघं एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. इमारतीला नळ आहेत, नळांना पाणी नाही. आलं तर आठवड्यातून दोनदा, तेही करंगळीएवढं. उरलेले दिवस टँकर, बोअरिंग, किंवा शेजारच्या इमारतीच्या हातापाया पडणं. ज्या बाईच्या घरी प्यायच्या पाण्याचा पत्ता नाही, तिला पाण्याचे इतके नखरे असावेत, हे मला पहिल्यापासून खटकत आलं.

नखरे म्हणजे काय, ते सांगते. रंगूबाई चहा पीत नाहीत. चहाने जीभ मरते म्हणे. एक घोट घेऊन त्या सांगतात, हे टँकरचं, हे बोअरिंगचं, हे नळाचं पण टाकीत साठलेलं, हे नळाचं पण पहिल्या धारेचं. त्यांच्या गावात म्हणे नदीच्या वरच्या डोहाचं पाणी डाळ शिजवायला आणि खालच्या डोहाचं धुण्याला, आणि चूक झाली तर सासू पहिल्या घासाला ओळखायची. बाबा हे सगळं कान देऊन ऐकायचे. मला ती निव्वळ बढाई वाटली. म्हणून एका शनिवारी मी डोंबिवलीहून आमच्या नळाचं पाणी बाटलीत भरून नेलं आणि दोन सारख्या पेल्यांत दोन्हीकडचं पाणी ओतून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी दोन्ही पेले हुंगले, एकेक घोट घेतला, आणि डावीकडचा माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "हे तुमच्या घरचं. जरा जड लागतं." बाबा टाळी वाजवून हसले. मला मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या.

मग मी दुसरं खुसपट काढलं. रंगूबाई रोज संध्याकाळी जाताना दोन बाटल्या पाणी भरून न्यायच्या. मी बाबांना एकदा बाजूला घेऊन म्हटलं, की बाई रोज पाणी घेऊन जातात, तुम्हाला माहीत आहे का. बाबा म्हणाले, मीच सांगितलंय, चार ने म्हणतो तर ती दोनच नेते. मी पुढचा आठवडाभर घरी नवऱ्यावर चिडचिड केली.

पण खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते मला कळलं त्या दोन पेल्यांच्या प्रकरणात.

गेल्या पावसाळ्यानंतर कुणाच्या तरी वास्तुशांतीत बाबांना तांब्याचे दोन नवे पेले भेट मिळाले. एका शनिवारी मी गेले तर टेबलावर ते पेले, मध्ये वही, आणि बाबा अन् रंगूबाई समोरासमोर बसलेले. त्यांचा प्रयोग चालला होता. एक पेला रोज लिंबाने लखलखीत घासायचा, दुसरा नुसता विसळायचा. दोन्हींत संध्याकाळी पाणी भरून ठेवायचं, सकाळी रंगूबाईंनी एकेक घोट घेऊन चव सांगायची आणि बाबांनी लिहायची. वही मी चाळली. बाबांचं ते बारीक, सरळ अक्षर. तारीख, किती तास, पेला पहिला, पेला दुसरा, आणि शेवटच्या रकान्यात, रंगूच्या मते. रंगू हा शब्द पानावर एकवीस वेळा होता. मोजायची काही गरज नव्हती, पण मी मोजला.

घासलेल्या पेल्यातलं पाणी रोज तुरट लागत होतं. न घासलेल्यातली चव पंधरा दिवसांत गेली होती. रंगूबाईंनी तो पेला माझ्यापुढे धरला. आतून तो विटकरी झाला होता.

"बघा ताई, खपली धरली त्याने. आता तांबं पान्यात उतरत नाय. ही काढायची नाय."

बाबा लगेच पुढे सरसावून समजावू लागले, पाण्यातला ऑक्सिजन, तांब्यावरचा थर, असं काहीतरी. मी ऐकलं नाही. ऐकायची इच्छाच नव्हती. मी म्हटलं, म्हणजे हंडा आतून न घासायला छान निमित्त मिळालं की. बाबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "तुला कळलं नाही, हेमा."

हे वाक्य मला नवं नव्हतं. सातवीत असताना मी त्यांच्या मागे लागले होते, मला प्रयोगशाळा दाखवा. ते म्हणाले होते, तिथे ॲसिडं असतात, आणि तुला त्यातलं काही कळायचं नाही. बाबा दुष्ट नव्हते, कधीच नव्हते. संध्याकाळी दमून यायचे, जेवायचे, रेडिओ लावून डोळे मिटून पडायचे. कामाबद्दल घरात चकार शब्द नाही. मी पुढे मराठी घेतलं, त्यांनी का म्हणून विचारलंही नाही. मला वाटायचं, त्यांचा स्वभावच अबोल. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी हाच माणूस चौथी शिकलेल्या एका बाईला ऑक्सिजन समजावत होता, तिचं मत वहीत लिहीत होता, आणि त्याचे डोळे चमकत होते. म्हणजे स्वभाव अबोल नव्हता. फक्त माझ्याशी बोलायचं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

त्यानंतर मला तो हंडा डोळ्यांसमोर नकोसा झाला. बाहेरून रंगूबाई त्याला चिंच लावून चकचकीत ठेवायच्या, पण आत डोकावलं की काळपट तपकिरी. आई होती तेव्हा दर गुरुवारी मागच्या मोरीत बसून हंडा घासायची. तिवईवर ठेवला की त्यात माझं तोंड दिसायचं. आईचा हंडा असा, आणि ह्या बाईने त्याची ही दशा केली, आणि बाबांना त्याचं कौतुक! मी मनातल्या मनात हे इतक्या वेळा म्हटलं की ते मला पाठ झालं.

यंदा माघात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. खरं तर ते ऐंशीनंतर लवकर करतात, पण आधी आई गेलेली, मग आजारपणं, असं करत राहून गेलं होतं. रविवारी सकाळी घरीच लहानशी पूजा, गुरुजी एक, माणसं घरचीच. मी शनिवारी दुपारी कोपरीला पोचले आणि रंगूबाईंना म्हटलं, तुम्ही आज लवकर जा, उद्या यायची गरज नाही, घरचीच माणसं आहेत. त्या फक्त हंड्याकडे बोट करून म्हणाल्या, विसळलाय, भरायचा राहिलाय. त्या दिवशी बाटल्या न घेताच गेल्या. ते माझ्या लक्षात आलं होतं, नाही असं नाही.

त्या गेल्यावर मी पदर खोचला. सहा लिंबं कापली, वाटीभर मीठ घेतलं आणि हंडा मोरीत नेला. आधी बाहेरून, मग आतून. हात कोपरापर्यंत आत घालून, दम लागेस्तोवर घासला. तो काळपट थर काही सहजी सुटेना. मी पुन्हा लिंबू लावलं, पुन्हा मीठ चोळलं. हळूहळू खालून गुलाबी तांबं दिसायला लागलं, आणि खरं सांगते, मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. थर निघत होता तसतशा जणू रंगूबाईच घरातून निघून चालल्या होत्या. शेवटी हंडा आतबाहेर नव्या नाण्यासारखा झाला. तेवढ्यात नळाची धार बारीक झाली. कोपरीत संध्याकाळचं पाणी जायची वेळ झाली होती. मी घाईघाईने दोन तांबे पाणी ओतून हंडा हिंदकळला, ओतून टाकला, आणि उरलेल्या धारेखाली भरून घेतला. आत मीठ-लिंबाचा अंश राहिला असणार, पण तेव्हा ते मनातही आलं नाही. घासलेलं भांडं म्हणजे स्वच्छ भांडं, असंच मी धरून चालले होते.

सकाळी बाबा आंघोळ करून नवं धोतर नेसून बसले. आंघोळीनंतर पहिला पेला हंड्यातल्या पाण्याचा, हा त्यांचा नेम. एरवी तो रंगूबाई देतात. आज मी दिला. ओले हात पदराला पुसत मी समोरच उभी राहिले. बाबांनी एक घोट घेतला आणि थांबले. पेला खाली घेतला, त्यात पाहिलं, मग वर माझ्याकडे पाहिलं. मी हसले. मग त्यांनी पेला पुन्हा तोंडाला लावला आणि मध्ये न थांबता सगळा रिकामा केला. मला वाटलं, जिंकले! रंगूबाई नसल्या तरी ह्यांचं काही अडत नाही, माझ्या हातचंही पाणी गोड लागतं.

अर्ध्या तासात बाबांना उलट्या सुरू झाल्या. पोटात मुरडा, घाम, आणि पुन्हा उलटी. गुरुजी पाट मांडत होते, ते उठून उभे राहिले. सलिलने गाडी काढली आणि आम्ही त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, उपाशीपोटी काय दिलं होतं? मी म्हटलं, फक्त पाणी, तांब्याच्या हंड्यातलं. डॉक्टर म्हणाले, भांडं कळकलेलं असेल, आंबट लागलं की तांबं पाण्यात उतरतं, भांडं कोण बघतं? मी म्हटलं, "घरी बाई आहेत. हंडा त्याच बघतात."

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि म्हणूनच मी ते बोलू शकले. बाबा दोन हातांवर कॉटवर डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, ग्लानीत आहेत.

बाकीचं सलिलने केलं. घरी येऊन त्याने हंड्यात डोकावून पाहिलं, आतली चकाकी बघून म्हणाला, कसली तरी पावडर लावून घासलाय बाईने, धुतलाही नाही नीट. आणि मी भाजीची पिशवी आवरत राहिले. त्याने माझ्यासमोर रंगूबाईंना फोन लावला आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, कारणही सांगितलं. पलीकडून काय बोलणं झालं ते मी नंतर विचारलं. सलिल म्हणाला, काही नाही, काका कसे आहेत एवढंच विचारलं त्यांनी.

संध्याकाळपर्यंत बाबांना घरी सोडलं. मी डोंबिवलीला फोन करून सांगितलं की आता काही दिवस मी इथेच राहते. तोंडाने काळजी, आणि मनात उकळ्या फुटत होत्या. घर माझं होतं, बाबा माझे होते, मध्ये कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, रंगू आली नाही? मी म्हटलं, तिला बरं नाही. तिसऱ्या दिवशीही विचारलं, मी तेच सांगितलं. चौथ्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडून दिलं.

हंड्याचं मात्र त्यांनी पहिल्याच सकाळी सांगितलं होतं. रोज रिकामा करायचा, नुसत्या पाण्याने विसळायचा, पुन्हा भरायचा, पण प्यायला घ्यायचं नाही, मोरीत ओतून द्यायचं. आतून हात लावायचा नाही. आठव्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली, कपाटातली विजेरी आणायला सांगितली आणि माझ्या खांद्याला धरून हंड्यापाशी आले. आत उजेड पाडून म्हणाले, बघ, काय दिसतं? गुलाबी चमक गेली होती. आत सगळीकडे मळकट तांबूस छटा चढली होती, काठाशी कमी, खाली जास्त.

मग बाबा बोलायला लागले. तिवईला टेकून, सावकाश, मध्ये मध्ये थांबत, जवळजवळ तासभर. म्हणाले, तांबं पाण्यात थोडं थोडं विरघळतंच. पण विरघळणारं सगळं पाण्यात जात नाही. त्यातलं काही पाण्यातल्या ऑक्सिजनशी जागच्या जागी बांधलं जातं आणि भांड्याला चिकटून बसतं. तोच हा लालसर थर, ऑक्साइडचा. तो जसा दाट होतो तसं खालच्या धातूपर्यंत पाणी पोचणं अवघड होतं. पुढे महिन्यांनी, वर्षांनी, नळाच्या पाण्यातल्या कार्बोनेटमुळे त्यावर हिरवट पापुद्रा येतो. हे सगळं नीट बसलेलं असलं तर पाण्यात तांबं फार कमी उतरतं. आंबट लागलं, की थर गेला. मीठ लागलं, की धातू आणखी झिजतो. आणि तेच पाणी चौदा तास साठून राहिलं, की विचारूच नको. त्यांनी एका इमारतीची गोष्ट सांगितली. तिथे नवे तांब्याचे पाइप बसवले होते. सकाळी पहिलं पाणी तुरट यायचं, बेसिनवर निळे डाग पडायचे, लोक भांडायला आले. बाबांनी रोज सकाळी तिथे जाऊन बाटल्या भरल्या. काही महिन्यांनी पाइपांना आतून थर धरला आणि तक्रार आपोआप थांबली. तोवर लोकांना सांगायचं काय, तर सकाळचं पहिलं पाणी सोडून द्या. लोक म्हणाले, हा कसला उपाय! बाबा हे सांगताना हसले.

मी विचारलं, आई मग हंडा लख्ख कसा ठेवायची? ते म्हणाले, बाहेरून. आतून तिने कधी हात लावला नाही, मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं तिला. तू लहान होतीस, तिवईवरच्या हंड्याचा काठ तुझ्या डोक्याच्या वर होता, आतलं तुला कुठलं दिसणार.

तो तास मला आयुष्यभर हवा होता. सातवीतल्या मुलीला हवा होता, आणि सत्तावन्न वर्षांच्या बाईलाही. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून मला त्यांचं काम समजावत होते आणि मला सगळं, अगदी सगळं कळत होतं. आणि तरी तो तास मला लुबाडल्यासारखा वाटत होता. कारण हा तास ज्या जागेवर मी उभी राहून मिळवला, ती जागा रंगूबाईंची होती. त्यांना घालवलं म्हणून ती रिकामी झाली होती. मी गप्प राहिले तर असे आणखी तास मिळतील, आणि बोलले तर बाबांच्या नजरेतून उतरेन, हे मला स्वच्छ दिसत होतं. वर बाबा म्हणाले, आता फक्त कुणी घासलं नाही म्हणजे झालं.

मी म्हटलं, "बाबा, हंडा मी घासला होता. लिंबू-मीठ लावून. रंगूबाईंनी नाही."

बाबांनी विजेरी बंद केली. रागावले नाहीत, दचकलेही नाहीत. खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "उद्या दिव्याला जाऊन ये." आणि मग वर्तमानपत्र उघडलं. मला आणखी काही ऐकायचं होतं. ओरडा, माफी, काहीही. काही मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी पत्ता विचारत विचारत मी दिव्याला पोचले. चार मजले चढून दम लागला. दार उघडंच होतं. समीक्षा कामाला गेलेली, रंगूबाई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत, पण समोरची जागा हाताने पुसून दिली. मी बसले. मनात मोठं भाषण तयार होतं. त्यातली दोनच वाक्यं तोंडातून निघाली, की हंडा मी घासला होता, आणि तुमच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसले.

"म्हायती हाय मला," रंगूबाई म्हणाल्या. "काकांचा फोन आलता. सोमवारीच."

सोमवारी. म्हणजे दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी बाहेर भाजी आणायला गेले असेन तेव्हा. मला दोन दिवस रंगू आली नाही का विचारणारा माणूस आधीच त्यांच्याशी बोलला होता. काय बोलला, ते रंगूबाईंनी तुटक तुटक सांगितलं. दवाखान्यातलं माझं बोलणं बाबांनी ऐकलं होतं. फोनवर ते म्हणाले होते, हेमा स्वतः येऊन तुला घेऊन जाईल, तोवर दुसरं काम धरू नको, मी तिला काही बोलणार नाही, तिचं तिला बोलू दे. म्हणजे आठ दिवस त्या कोपरीतल्या घरात मी एकटीच काही लपवत होते असं मला वाटत होतं, आणि हे दोघं मिळून माझी वाट बघत बसले होते! माफी मागायला आलेली मी, तिथे बसल्या बसल्या पुन्हा जळायला लागले. लाज वाटत होती आणि जळतही होते.

रंगूबाई एक काडी मोडत म्हणाल्या, "मी इचारलं काकांना. एवढी जीभ तुमची, पयल्या घोटाला कळलं नाय का?"

"काय म्हणाले?"

"म्हनाले, कळलं. लगेच कळलं. पन हेमा समोर हात पुसत उभी होती. तिनं भरलेलं पानी, तिच्यासमोर टाकू कसं? मंग प्यालो सगळं."

मी खाली बघून मेथी निवडायला घेतली. जुडी संपेपर्यंत आम्ही दोघी निवडत राहिलो. मग त्यांनी पिशवी घेतली, दाराला कुलूप लावलं आणि आम्ही कोपरीला निघालो. सत्तावन्न वर्षांत माझ्या बापाने माझ्याबद्दल उच्चारलेलं हे सगळ्यात मायेचं बोलणं होतं, आणि ते त्यांनी रंगूबाईंना सांगितलं होतं.